परत आलेला डाळिंबी खण

अक्का,

काल तुझे दुकान उघडले. दिवसकार्य आटोपल्यावर तुझ्या सुनेने, गौरीने, शटर वर केले आणि आतून तोच वास आला: खळीचा, कोऱ्या रंगाचा, कपाटातल्या कापराचा. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. तू गेल्यापासून मला रडू फारसे आलेले नाही, हे मी इथे लिहून ठेवते. खोटी माया तुला चालत नसे. मला जे वाटत राहिले ते निराळे होते. वर्गात एखादी कविता शिकवून संपावी, मुली उठून जाव्यात आणि मग ध्यानात यावे की शेवटची ओळ सांगायची राहूनच गेली, तसे काहीसे.

तू किती मोठ्या मनाची होतीस हे गल्लीत सगळेच सांगत आहेत. ते त्यांनी सांगावे. मला आपला एक जुना वाद पुरा करायचा आहे. नामवंत माणूस आयुष्यात एकदाच भेटला आणि ती भेट कडू झाली, तर तेवढ्यावरून तो माणूस ठरवावा का? तू म्हणायचीस, ठरवावा. मी म्हणायचे, ठरवू नये. चौदा वर्षे आपण हे बोललो. तू घड्या घालता घालता, मी उत्तरपत्रिका तपासता तपासता. आणि ज्या एका भेटीवरून हा वाद सुरू झाला, तिच्याविषयीची एक गोष्ट मी सगळा काळ तुझ्यापासून लपवून ठेवली.

मलकापूरहून मी कोल्हापुरात आले ती महाविद्यालयात मराठी शिकवायला. तुझ्या खणांच्या दुकानावरची खोली मिळाली. पहिल्या दिवशी मी तुला 'अहो' म्हटले, तेव्हा समोरच्या दुकानातही ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालीस, "अहो काय? मी काय मामलेदार हाय? अक्का म्हण की. आणि हे बघ मास्तरीणबाई, पाणी सकाळी सहाला येतंय. झोपून ऱ्हायलीस तर मी उठवणार न्हाय." दुसऱ्या दिवशी पावणेसहाला दार वाजवले ते तूच.

गिऱ्हाईक ओळखायची तुझी एक रीत होती. तू कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत नसस. खणावरून बोट कसे फिरते तेवढेच पाहायचीस. "चिमटीत धरणारी बाई घेत न्हाय," तू मला शिकवलेस. "तळवा टेकवणारी घेती. आणि जी नुसती बोटाची पाठ लावती, तिच्या घरात कायतरी झालंय. तिला भाव सांगू नको, आधी पाणी दे." मी हे हसून ऐकले होते. मग तीन-चार वेळा ते खरे होताना पाहिले आणि हसणे सोडले. एकदा खण नुसता बोटाच्या पाठीने शिवलेली एक बाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन तुझ्या दुकानात अर्धा तास बसून राहिली होती, काही न बोलता. तूही काही विचारले नाहीस. जाताना तिने एक सुपारीएवढे हसू तुला दिले आणि ते तू दिवसभर सांभाळलेस.

अप्पांची, तुझ्या नवऱ्याची, तऱ्हा याच्या अगदी उलट. त्यांना चेहरेच आवडत. चित्रीकरणासाठी आलेला एक प्रसिद्ध नट एका संध्याकाळी म्हशींच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला आला, रांगेत उभा राहिला आणि अप्पांना म्हणाला, "पावणं, आधी तुम्ही." एवढेच. त्यावर अप्पांनी त्याचा प्रत्येक सिनेमा पाहिला, दुसऱ्या दिवशी उतरलेलेसुद्धा.

"एका गलासभर दुधावर आयुष्यभर बांधून घेतलंसा," तू त्यांना म्हणायचीस. "म्हशीला तरी दावं लागतंय."

"दूध चांगलं हुतं की," अप्पा म्हणत.

तुला कधी पटले नाही, अक्का, की तू आणि अप्पा एकच चूक दोन टोकांनी करत होतात. त्यांनी एका गोड शब्दावर माणूस पसंत केला, तू एका कडू शब्दावर नापसंत केलास. हे मी तुला सांगितले होते. "माझी चूक कडू तर कडू, तिकिटाला पैसं तर पडत न्हाईत," असे म्हणून तू तो मुद्दा निकालात काढलास.

आता ज्यांच्यावरून हा वाद सुरू झाला त्या गायिका बाईंविषयी. मी त्यांचे नाव इथे घेत नाही. तूही नंतर कधी घेतले नाहीस, 'तुझी गाणारीण' एवढेच म्हणत राहिलीस. पण त्या भेटीआधी रोज सकाळी शटर वर गेले की पहिला आवाज त्यांचा असे. त्यांनी गायलेल्या कन्नड वचनांची एक कॅसेट तुझ्याकडे होती. तिची बाजू अशी झिजली होती की मधल्या एका ओळीवर आवाज पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा आणि तेवढी ओळ तू स्वतः म्हणायचीस, हातातला खण त्रिकोणी घडीत दुमडत. ती तुझ्या आईची ओळ होती. तुझी आई सीमेपलीकडची. दळताना ती हीच वचने म्हणत असे आणि तू नऊ वर्षांची असताना गेली. तिचा चेहरा तुला आठवत नव्हता. "आवाज मातूर हाय," तू म्हणाली होतीस, टेपरेकॉर्डरकडे हात करून. "आईचाच हाय त्यो. तिनं उसना घेतलाय."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात त्या बाई कोल्हापुरात गायला येणार असे ठरले, तेव्हा तू आठ दिवस आधीपासून अंगणात उन्हे उतरल्यासारखी वागत होतीस. रविवारची सकाळची मैफल, शाळेच्या सभागृहात. कपाटातून तू एक डाळिंबी खण काढलास, मोरपंखी काठांचा, खास मागावरून आणवलेला. "तिची उडी भरणार मी," तू म्हणालीस. ओटीला तू तुझ्या माहेरच्या भाषेत उडी म्हणायचीस. गल्लीतल्या सात बायकांना तू ते सांगितलेस. सातही जणी ते बघायला येणार होत्या.

मी त्या दिवशी स्वयंसेविका होते. बाईंना गरम पाणी नेऊन देण्याचे काम माझे. त्यांना बसायला सातवीचा वर्ग दिला होता. खडूचा आणि चंदनाच्या अत्तराचा असा मिसळलेला वास मी त्यानंतर कुठे घेतला नाही. त्या बाकावर बसून हातातल्या आरशात पाहत होत्या. कपाळाला टिकली नव्हती. त्यांनी पर्समधून एक काढली, बोटाच्या टोकावर धरून बराच वेळ पाहिली आणि लावली.

"लोक हेही बघतात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "एक काम कराल माझं? शेवटी कुणी ओटी वगैरे भरणार असेल, तर नको म्हणून सांगाल? गेल्या महिन्यात आमचे हे गेले. बरीच वर्षं वेगळे राहत होतो, त्यामुळे कुणाला ठाऊक नाही. आज इथे मला ते बोलायचं नाही."

मी म्हटले, "सांगते."

"कारण सांगू नका. नको, एवढंच सांगा."

मी बाहेर आले तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मांडीवर ताट, ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकवाचा करंडा आणि तो खण, त्याचे टोक तुझ्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला टेकलेले. माझ्याकडे पाहून तू भुवई उडवलीस, एखाद्या मुलीने चिंच लपवून आणल्यावर उडवावी तशी. त्या क्षणी मला सांगवेना. मध्यंतरात सांगू, असे मी ठरवले. मध्यंतर झालेच नाही. मग शेवटी, पायऱ्यांजवळ तुला गाठू, असे ठरवले. आणि मग त्या गायल्या.

इथून पुढचे लिहिताना मला कुठलेही सबबीचे वाक्य नको आहे. मी विसरले. खिडकीतून तिरपे ऊन तानपुऱ्याच्या भोपळ्यावर आले होते आणि त्या सुरात ते ऊन हळूहळू सरकताना दिसत होते. शेवटी त्यांनी तुझ्या आईचे वचन घेतले आणि तुझ्या कॅसेटवर बुडणारी ती ओळ पहिल्यांदा अख्खी, कोरडी, लखलखीत ऐकू आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टाळ्या थांबत आल्या होत्या आणि तू ताट घेऊन वर चढली होतीस.

त्या एक पाऊल मागे सरल्या. "मला नको," त्या म्हणाल्या. "घेऊन जा." कुठेतरी भिंतीकडे पाहत, कोरड्या आवाजात. आणि वळून गेल्या. सात बायकांसमोर तू ताट धरून उभी राहिलीस. नारळ हलला, तो पडू नये म्हणून तू तो हनुवटीने धरलास. ते मी पाहिले.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. मागे सरताना त्यांचा हात क्षणभर ताटावरून गेला. त्यांच्या बोटाची पाठ त्या खणाला लागली. तुझ्या दुकानात हे घडले असते तर तू पाण्याचा तांब्या पुढे केला असतास. पण तू त्या दिवशी पहिल्यांदाच बोट पाहत नव्हतीस. तू चेहऱ्याकडे पाहत होतीस, आम्ही सगळे पाहतो तसे, कारण तो चेहरा कॅसेटच्या डबीवर छापलेला होता. मोठ्या माणसांच्या बाबतीत आपल्या हातून हेच होते. साध्या माणसाला आपण पारखतो. त्यांच्यापुढे मात्र ताट धरून उभे राहतो आणि मग ताट परत आले की त्यांना पारखल्यासारखे बोलतो.

घरी आल्यावर तू "हातबी लावला न्हाय गं," एवढे दोनदा म्हणालीस. खण वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर टाकलास आणि कॅसेट माझ्या हातात दिलीस. "घे तुझी गाणारीण. वर ने. मोठी असंल तर तिच्या घरची."

तेव्हा मी का सांगितले नाही? पहिले कारण सभ्य आहे: मी शब्द दिला होता. ते कारण वर्षभर पुरले. पुढे त्यांच्या एका मुलाखतीत पतीच्या निधनाचा उल्लेख छापून आला आणि माझे बंधन सुटले. मग दुसरे कारण उरले, जे सभ्य नाही. तू माणसे एका गोष्टीवरून ठरवायचीस. वरच्या फळीवर गेलेले तुझ्याकडून पुन्हा खाली येत नसे. मला त्या फळीवर जायचे नव्हते. मी घरापासून लांब होते, लग्न केलेले नव्हते, आणि या शहरात पावणेसहाला दार वाजवणारे एकच माणूस मला होते.

म्हणून मी वस्तुस्थितीऐवजी तत्त्व मांडत राहिले.

"अक्का, एका सकाळीवरून आख्खा माणूस कसा कळेल?"

"मग किती सकाळी लागत्यात? तुमच्यात पास व्हायला किती मार्क लागत्यात, तेवढं सांग."

"त्यांना काही दुखत असेल, कुणी काही बोललं असेल..."

"मला ती एकदाच भेटली. दोनदा भेटाय ती काय माझी जाऊ हाय?"

खरे तर तुझा हा मुद्दा बिनतोड होता. आपल्यासारख्यांच्या वाट्याला ती माणसे एकदाच येतात. त्या एका भेटीत आपण आपले सगळे आणलेले असते आणि त्यांच्यासाठी तो केवळ एक रविवार असतो. हा अन्याय कुणीच केलेला नसतो, तरी तो कुणाला तरी सोसावा लागतो.

आणि मीही कुठे वेगळी होते? माझ्या आवडत्या एका कवींनी महाविद्यालयात आल्यावर माझी कवितांची वही हातात घेतली, उघडली नाही आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. त्या कपाचे तपकिरी वर्तुळ अजून वहीवर आहे. याविषयी मी तुला काही सांगितले नव्हते. महिन्याभराने खोलीत झाडू मारायला आल्यासारखी येऊन तू म्हणालीस, "त्या कवीची पुस्तकं खालच्या कप्प्यात गेली जणू. वाळवी लागंल की." आणि झाडू न मारता निघून गेलीस.

मग अप्पा गेले. नव्या शतकाची पहिलीच वर्षे होती. त्यानंतरच्या नवरात्रात पन्हाळ्याची एक नवी सून दुकानात आली. तिच्या लग्नातले खण तू दिले होतेस आणि त्याचा मान म्हणून ती तुझी ओटी भरायला आली होती. तिला अप्पांचे ठाऊक नव्हते, आणि दुकानातल्या अंधुक उजेडात तुझ्या कपाळावरचे गोंदण कुंकवासारखे दिसले असावे. तिने ताट पुढे केले. तू एक पाऊल मागे सरलीस.

"मला नको. घेऊन जा."

तेच शब्द, अक्का. तशीच भिंतीकडे लागलेली नजर. आणि तुझ्या बोटाची पाठ तिच्या खणाला लागलेली. पोर रडवेली होऊन पायऱ्या उतरली. आज पन्हाळ्यावर ती कुणाला तरी सांगत असेल की त्या खणवाल्या बाई फार ताठ होत्या.

तू गादीवर बसलीस. मग म्हणालीस, "मास्तरीण, त्या गाणारणीचंबी तवा असंच काय असंल काय गं?"

दार उघडे होते. मी एक वाक्य बोलायचे होते. मी म्हणाले, "असेलही."

"असंल तर आधी सांगून ठिवायचं," तू म्हणालीस. "एक शब्द पाठवायचा कुणाच्यातरी हातनं. मी काय वैरी हाय? खण माघारी घेतला असता आणि तिला जवळ बसवून पाणी दिलं असतं."

पुढच्या नवरात्रात तू पायरीवर टोपली मांडलीस आणि येईल त्या बाईच्या ओटीत खण घातलास. सवाष्ण, विधवा, टाकलेली, माझ्यासारखी बिनलग्नाची, कुणालाच विचारले नाहीस. शेजारणी कुजबुजल्या, तेव्हा तुझा आवाज चौकापर्यंत गेला: "कापड हाय ते. कापडाला काय कळतंय कोण कोण हाय?" रीत तू बदललीस. त्या बाईंवरचा निकाल मात्र बदलला नाहीस, कारण तो बदलायला लागणारा पुरावा माझ्याकडे होता.

त्यानंतरच्या एका दुपारी मी वर ती कॅसेट लावली होती, नेहमीसारखी हळू आवाजात. काहीतरी आणायला दार उघडले तर तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होतीस, हातावर अर्धवट घडीचा खण. वर आवाज पाण्याखाली गेला आणि तुझे ओठ हलले.

मला पाहून तू दचकलीस. "पाणी आलंय का बघाय आलतो," म्हणालीस. दुपारचे तीन वाजले होते.

शेवटच्या आठवड्यात मी दोनदा सुरुवात केली. "अक्का, त्या मैफलीच्या सकाळी..." दोन्ही वेळा तू डोळे न उघडता विचारलेस, पाणी भरून ठेवले का. मी म्हणाले, भरले. तुला ऐकायचे नव्हते की मला सांगायचे नव्हते, याचा निवाडा मी करत नाही. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला मातीत बसवले, बेलाची पाने आणि विभूती घातली. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथून परत फिरले.

काल गौरीने वरची फळी झाडली. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रातून तो डाळिंबी खण निघाला. घडीच्या रेषांवर रंग जरा उडाला आहे, काठ तसेच. त्याला टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात होते: विकायचा नाही.

"कुणाचा हो ह्यो?" गौरीने विचारले.

मी तिला सगळे सांगितले. सातवीचा वर्ग, टिकली, बाईंचे वाक्य, माझे 'सांगते'. चौदा वर्षे जे जमले नाही ते काउंटरपाशी उभ्या उभ्या पाच मिनिटांत झाले. गौरी ऐकत होती. तिचे हात खणाची घडी घालत होते, तुझ्यासारखीच, त्रिकोणी. मग ती म्हणाली, "मग आत्तीला का न्हाय सांगितलंसा?"

एका भेटीवरून माणूस ठरवू नये, हे वाक्य मी इतकी वर्षे कुणासाठी घोकत होते, ते मला तिथे उभी असताना कळले. त्या बाईंना माझ्या वकिलीची गरज कधीच नव्हती.

गौरीने तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. मला वाटले, ही असे का करते आहे. मग खाली पाहिले. माझ्या बोटाची पाठ त्या खणावर होती.

शब्द आला होता, अक्का. त्यांनी तो वेळेत पाठवला होता, आणि माझ्याच हाती पाठवला होता.